शिकागो, ६ मार्च १९४० : स्विंगच्या काळातले एक ध्वनिमुद्रण बारकाईने कसे ऐकावे

स्विंगच्या काळातले, म्हणजे ढोबळमानाने १९३५ ते १९४५ या दहा वर्षांतले बिग बँड संगीत (मोठ्या वाद्यवृंदांनी नाचासाठी वाजवलेले जाझ) ऐकायला बसलेला नवा श्रोता बहुधा एखादे संकलन लावतो, वीस-पंचवीस तुकडे एकापाठोपाठ ऐकतो आणि ‘छान आहे, पण सगळे सारखेच वाटते’ असे म्हणून थांबतो. यात त्याच्या कानाचा दोष नसतो. ते संगीत तसे सलग ऐकण्यासाठी केलेलेच नव्हते. वादक स्टुडिओत जात ते तीन तासांच्या एका बैठकीत साधारण चार बाजू (तबकडीची एक बाजू म्हणजे एक रचना) मुद्रित करण्यासाठी, आणि ते आटोपले की रात्रीच्या नृत्याच्या कार्यक्रमासाठी पुन्हा गाडीत बसत. प्रत्येक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असे आणि ती त्या एकाच बैठकीतल्या अडचणी, सोयी आणि माणसे यांतून घडत असे. म्हणून अभ्यासाला कलाकार किंवा अल्बम न घेता एक सेशन, म्हणजे स्टुडिओतली अशी एक बैठक, घ्यावे, त्यातली एक बाजू निवडावी आणि ती पाठ होईपर्यंत ऐकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कसे करावे हे पुढे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगितले आहे.

सेशन निवडणे

नवख्याने निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. सेशनची तारीख आणि वादकांची नावे निश्चित माहीत असावीत, त्याच रचनेचे एकाहून अधिक टेक (पहिल्यापासून पुन्हा वाजवून केलेली मुद्रणे) उपलब्ध असावेत, आणि रचना इतकी घट्ट असावी की वारंवार ऐकूनही तिच्यात नवे सापडत राहावे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता आणि व्हिक्टर व कोलंबिया या मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. त्यामुळे त्या मधल्या काळातले नेहमीचे स्टुडिओ-मुद्रण फारसे मिळत नाही. निवड त्याआधीच्या वर्षांतून करणे सोयीचे.

माझी शिफारस पियानोवादक आणि रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांच्या ऑर्केस्ट्राच्या ६ मार्च १९४० च्या सेशनची आहे. ते शिकागोत, व्हिक्टर कंपनीसाठी झाले. बँड नुकताच व्हिक्टरकडे आला होता, आणि त्याआधीच्या काही महिन्यांत बँडमध्ये आलेल्या दोन माणसांनी त्याचा आवाज पालटून टाकला होता. एक म्हणजे डबल बेस वाजवणारे जिमी ब्लँटन आणि दुसरे टेनर सॅक्सोफोनवरचे बेन वेबस्टर. त्या दिवशी मुद्रित झालेल्या पाच शीर्षकांपैकी ‘को-को’ ही बाजू आपण घेऊ. अडीच मिनिटांहून थोडी मोठी असलेली ही रचना स्विंगच्या काळातली सर्वांत भरीव तीन मिनिटे आहे, असे म्हणायला मी तरी कचरत नाही.

कागदपत्र आधी, कान नंतर

ऐकण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर सेशनची माहिती उतरवून घ्यावी. जुन्या तबकडीला दोन क्रमांक असतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. लेबलवर ठळक छापलेला क्रमांक दुकानदारासाठी असतो. तो तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकच असतो आणि त्या दोन बाजू वेगवेगळ्या दिवशीच्याही असू शकतात. दुसरा मॅट्रिक्स क्रमांक. तो त्या विशिष्ट मुद्रणाचा असतो आणि त्याच्या शेवटी टेकचा आकडा जोडलेला असतो. ‘को-को’ची तबकडी व्हिक्टर २६५७७ आहे, मुद्रणाचा मॅट्रिक्स क्रमांक ०४४८८९ आहे, आणि प्रसिद्धीसाठी निवडला गेला तो टेक २. टेक १ सुद्धा टिकून राहिला आहे आणि आज तो ऐकायला मिळतो. इंटरनेटवर एखादी फीत ऐकताना वर्णनात टेक कोणता हे लिहिलेले नसेल, तर ती अभ्यासाला घेऊ नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील ग्रंथालयाने चालवलेल्या अमेरिकी ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांच्या सूचीत मॅट्रिक्स क्रमांकावरून तारीख आणि ठिकाण विनामूल्य पडताळता येते.

त्याच कागदावर वादक लिहावेत, पण नुसती यादी न करता ते बसत तसे विभागवार लिहावेत. ट्रम्पेटच्या रांगेत वॉलेस जोन्स, कूटी विल्यम्स आणि कॉर्नेटवर रेक्स स्टुअर्ट. ट्रॉम्बोनच्या रांगेत जो ‘ट्रिकी सॅम’ नँटन, लॉरेन्स ब्राऊन आणि सरकत्या नळीऐवजी झडपांचा ट्रॉम्बोन वाजवणारे, मूळचे प्वेर्तो रिकोचे हुआन तिझोल. फुंकीच्या लाकडी वाद्यांत क्लॅरिनेटवर बार्नी बिगार्ड, सॅक्सोफोनांवर जॉनी हॉजेस, ऑटो हार्डविक, बेन वेबस्टर आणि सर्वांत खालच्या सप्तकातल्या बॅरिटोन सॅक्सोफोनवर हॅरी कार्नी. ठेका धरणाऱ्यांत पियानोवर स्वतः एलिंग्टन, गिटारवर फ्रेड गाय, बेसवर ब्लँटन आणि ड्रम्सवर सनी ग्रीअर. एकूण पंधरा. ही नावे पाठ होणे आवश्यक आहे, कारण एलिंग्टन ‘दुसऱ्या ट्रॉम्बोनसाठी’ स्वर लिहीत नसत, ते नँटनसाठी किंवा तिझोलसाठी लिहीत. वादकांना दिल्या जाणाऱ्या स्वरलेखनाच्या पानांवरही वाद्याच्या क्रमांकाऐवजी माणसाचे नाव असे.

हस्तांतरण तपासणे

जुन्या तबकडीवरून डिजिटल प्रत करताना तबकडीचा वेग किंचित चुकला तरी स्वर सरकतो, आणि असे सरकलेले हस्तांतरण आपण वर्षानुवर्षे खरे मानून ऐकत राहतो. ‘को-को’च्या बाबतीत याची तपासणी सोपी आहे. रचना ई फ्लॅट मायनरमध्ये आहे, आणि सुरुवातीलाच कार्नी यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन खर्जात तोच ई फ्लॅट पुन्हा पुन्हा ठोकत राहतो. घरात पेटी असेल तर काळी दोन दाबून ठेवावी आणि मुद्रण सुरू करावे. दोन्ही स्वर एकात मिसळले तर प्रत विश्वासार्ह आहे. मुद्रणातला स्वर पांढरी दोनकडे उतरलेला किंवा पांढरी तीनकडे चढलेला वाटला, तर ती प्रत बाजूला ठेवून दुसरी शोधावी. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या, म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतरासाठी वेग सुमारे ६ टक्क्यांनी बदलावा लागतो, त्यामुळे त्याच्याही अर्ध्या-पाव अंतराची चूक वेगाच्या अगदी लहान फरकानेही होते. पेटी स्वतःच उतरलेली असण्याची शक्यता आपल्या घरांत कायमच असते. शंका आली तर फोनवरच्या ट्यूनरने आधी पेटी तपासावी.

खरखर काढण्याच्या नादात वरचे स्वर कापून टाकलेल्या प्रती शक्यतो घेऊ नयेत. ग्रीअर यांच्या झांजांचा आवाज आणि ट्रम्पेटची धार खरखरीच्याच पट्ट्यात राहते. खरखर गेली की त्याही जातात, आणि उरतो तो कापसात गुंडाळलेला बँड. थोडी खरखर चालवून घ्यावी. दोन-चार वेळा ऐकल्यावर कान तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. एकाच मायक्रोफोनच्या मुद्रणाला कृत्रिम डावे-उजवे देऊन बनवलेल्या ‘स्टिरिओ’ प्रती मात्र कटाक्षाने टाळाव्यात.

खोली डोळ्यांसमोर आणणे

त्या काळी मुद्रणानंतर काही जोडता येत नसे, कापता येत नसे आणि एखाद्याचा आवाज मागाहून वाढवताही येत नसे. फीत अजून स्टुडिओत आलेली नव्हती. वादकांनी वाजवलेले थेट फिरत्या तबकडीत कोरले जाई. ही तबकडी अनेक वर्षे जाड मेणाची असे. १९३० च्या दशकात लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकड्याही वापरात येऊ लागल्या. मेणावरचे मुद्रण लगेच वाजवून पाहिले तर सुईने खाच खराब होई. ज्या मेणावरून पुढे धातूचे साचे काढायचे ते वाजवताच येत नसे. म्हणजे टेक बरा झाला की नाही याचा निर्णय बऱ्याच अंशी प्रत्यक्ष ऐकलेल्यावरच घ्यावा लागे. अखेरच्या चार मात्रांत एखाद्या ट्रम्पेटवाल्याचा स्वर फुटला, तर पंधराही जणांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे, आणि तेही तीन तासांचे घड्याळ चालू असताना.

दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांपेक्षा फार जास्त संगीत बसत नसे. याला बगल देण्याचे मार्ग महागडे होते. बेनी गुडमन यांच्या बँडने ६ जुलै १९३७ रोजी हॉलिवूडमध्ये ‘सिंग, सिंग, सिंग’ मुद्रित केले, तेव्हा त्यासाठी बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू खर्ची पडल्या. एलिंग्टन यांनी ‘को-को’त उलटी वाट धरली आणि तीन मिनिटांच्या आत एक शब्दही फुकट न जाणारा निबंध लिहावा तशी रचना केली.

तोलाचा प्रश्न जागेने सुटत असे. अमेरिकी स्टुडिओंत त्या वर्षांत आरसीएचा रिबन मायक्रोफोन सर्रास वापरला जाई, आणि व्हिक्टर ही तर १९२९ पासून आरसीएचीच कंपनी होती. या मायक्रोफोनला पुढून आणि मागून सारखेच ऐकू येते, दोन्ही कडांनी मात्र जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे कोणाला किती फुटांवर बसवायचे, कोणाला समोर आणि कोणाला कडेला, हेच मुद्रकाचे मुख्य काम असे. एकल वादक आपल्या पाळीपुरता उठून पुढे येई आणि मागे जाई. म्हणून ही मुद्रणे ऐकताना डावे-उजवे शोधू नये, जवळ-लांब शोधावे. डोळे मिटून एवढेच ठरवावे की कोणाचा श्वास जवळून येतो आहे आणि कोण खोलीच्या तळाशी आहे.

आवर्तने मोजणे

आता पहिले ऐकणे. या वेळी सुरावटीकडे लक्ष न देता फक्त मात्रा मोजाव्यात. ‘को-को’चा सांगाडा बारा मापांच्या ब्लूजचा, म्हणजे जाझमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका ठरीव साच्याचा आहे. प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे एका आवर्तनाच्या ४८ मात्रा होतात. हे ४८ चार-चार मापांच्या तीन ओळींत विभागलेले असतात आणि प्रत्येक ओळ १६ मात्रांची असते. तीनतालाची सवय असलेल्या श्रोत्याला हे फार सोयीचे आहे. हातावर तीनतालाची तीन आवर्तने धरली की ब्लूजचे एक आवर्तन पुरे होते. फक्त टाळी-खाली मनातून काढून टाकावी, कारण इथे समेवर येण्याची ओढ नसते आणि ठेक्याचा डोल प्रत्येक मापाच्या दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर असतो. पहिल्या ओळीत सूर षड्जाभोवती राहतो, दुसरी ओळ मध्यमाच्या घरात जाऊन परतते आणि तिसरी पंचमाकडून षड्जावर उतरते. तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात ही घरे आपोआप जाणवू लागतात.

मोजणीचा हिशेब असा येतो : आठ मापांची प्रस्तावना, बारा मापांची सात आवर्तने, पुन्हा प्रस्तावनेची आठ मापे आणि चार मापांचा शेवट. एकूण १०४ मापे. प्रस्तावनेला सुमारे बारा सेकंद लागतात आणि नंतरच्या प्रत्येक आवर्तनाला साधारण अठरा-एकोणीस. कागदावर सात रकाने आखून प्रत्येकाची सुरुवात कोणत्या सेकंदाला होते ते लिहून ठेवावे. पुढचे सगळे काम या रकान्यांत करायचे आहे.

रकाने भरणे

प्रस्तावनेत तीन थर आहेत. तळाशी कार्नी यांचा ई फ्लॅट, त्यासोबत ग्रीअर यांचे टॉम-टॉम (ड्रम्सच्या संचातले खोल आवाजाचे ढोल) आणि वर तिन्ही ट्रॉम्बोनांचे स्वरसमूह. कार्नी वाजवतात ती लय लक्षात ठेवावी : तीन आखूड स्वर आणि एक लांब. संपूर्ण रचना या एवढ्याशा बीजातून वाढवलेली आहे आणि ते पुढे कोणाकोणाच्या हातात जाते हे शोधणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

पहिल्या आवर्तनात तेच बीज तिझोल झडपांच्या ट्रॉम्बोनवर विचारतात आणि सॅक्सोफोनांची रांग त्याला उत्तर देते. तिझोल यांचा स्वर स्वच्छ, जवळजवळ कोरडा आहे. हे मुद्दाम आहे, कारण दुसऱ्या आवर्तनात त्याच वाद्याचे संपूर्ण वेगळे रूप येते. नँटन आपल्या ट्रॉम्बोनमध्ये ट्रम्पेटचे छोटे म्यूट (आवाज दाबणारे बूच) बसवत आणि त्यावर डाव्या हाताने नळकारागिराकडे असतो तसला रबरी प्लंजर उघडझाप करत. त्यातून माणूस बोलल्यासारखे ‘या… या’ असे स्वर निघतात. त्यांना दोन आवर्तने दिली आहेत. पहिल्यांदा ऐकताना श्रोता साहजिकच नँटन यांनाच ऐकतो. दुसऱ्यांदा मात्र त्यांना पूर्ण सोडून द्यावे आणि मागे सॅक्सोफोन एका सुरात काय म्हणत आहेत, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन मात्रांच्या मध्ये कुठे ठोके टाकत आहेत, एवढेच ऐकावे. तीन आखूड आणि एक लांब तिथे लपलेले सापडेल.

चौथे आवर्तन एलिंग्टन यांच्या पियानोचे आहे, पण त्याला एकल वादन म्हणणे तितकेसे बरोबर नाही. बँड आपली आवर्तक सुरावट वाजवत राहतो आणि पियानो त्यावर बेसूर वाटावेत असे स्वरांचे शिंतोडे उडवतो. ते चुकून लागलेले नाहीत हे पटायला हे आवर्तन वेगळे काढून चार-सहा वेळा ऐकावे लागते. पाचव्यात ट्रम्पेट पुढे येतात आणि बाकीच्या रांगा त्यांना आडव्या जातात. इथे एकाच वेळी सगळे ऐकण्याचा हट्ट धरू नये. एका खेपेला एकच रांग.

सहाव्या आवर्तनासाठी हेडफोन आवश्यक. संपूर्ण बँड पायरी-पायरीने स्वरसमूह उभा करतो, अचानक थांबतो आणि त्या मोकळ्या जागेत ब्लँटन एकटे बेस वाजवतात. त्याआधीच्या पुष्कळ मुद्रणांत बेस हा ऐकू येण्यापेक्षा जाणवण्याचा प्रकार होता. इथे तो बाकीच्या चौदा जणांना उत्तर देतो, आणि प्रत्येक स्वर ओळखू येतो. ब्लँटन १९४२ मध्ये क्षयाने गेले, विशीच्या सुरुवातीलाच. त्यांचे बहुतेक महत्त्वाचे काम या बँडमधल्या सुमारे दोन वर्षांतले आहे. त्याच दिवशीची ‘जॅक द बेअर’ ही बाजू त्यांच्या बेसने सुरू होते आणि बेसनेच संपते. हे आवर्तन झाल्यावर ती लावावी.

सातवे आवर्तन म्हणजे सगळा बँड एकदम. पितळी वाद्यांचे जड स्वरसमूह वर, सॅक्सोफोनांची एकसुरी ओळ खाली. जुन्या मुद्रणात इथे आवाज दाटून येतो, पण तरीही रांगा एकमेकींत बुडत नाहीत, आणि याचे श्रेय लिहिणाऱ्याइतकेच बैठक लावणाऱ्या मुद्रकाला आहे. मग प्रस्तावना परत येते आणि चार मापांत सारे थर एकावर एक चढून रचना संपते.

दोन टेक समोरासमोर ठेवणे

रकाने भरून झाल्यावरच टेक १ लावावा, आधी नको. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. लिहिलेले भाग दोन्हीकडे तेच आहेत का? नँटन दोन्ही वेळी कुठे सुरुवात करतात आणि कुठे श्वास घेतात? पियानोचे शिंतोडे त्याच जागी पडतात का? ब्लँटन मोकळ्या जागा कशा भरतात? अशा तुलनेतून कागदावर काय लिहिलेले होते आणि त्या क्षणी काय सुचले हे वेगळे काढता येते. तयार झालेले एकल वादन दोन्ही टेकमध्ये बरेचसे सारखे आढळले, तर त्याला कमी लेखू नये. स्टुडिओत तीन मिनिटे हाताशी असताना ठरवून ठेवलेली जागा ठरल्याप्रमाणे सांगणे हे त्या काळातल्या बँडमध्ये उणेपणाचे मानले जात नसे.

नंतर त्या दिवसाच्या उरलेल्या बाजूही ऐकाव्यात. त्यांत हर्ब जेफ्रीज आणि आयव्ही अँडरसन यांनी गायलेली प्रेमगीते आहेत, आणि ती सामान्य आहेत हे सांगायला संकोच नको. कंपनीला विक्रीसाठी ती हवी होती, बँडला पगार भागवायचा होता, आणि त्याच तीन तासांत, त्याच खुर्च्यांवर बसून ‘को-को’ वाजवले गेले. संकलनांत अशा बाजू वगळलेल्या असतात, त्यामुळे सेशनचा खरा चेहरा तिथे दिसत नाही.

उलट पद्धतीचे उदाहरण

एलिंग्टन यांच्या लेखी काटेकोरपणाची चव कळण्यासाठी काऊंट बेसी यांच्या बँडने ७ जुलै १९३७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डेका कंपनीसाठी मुद्रित केलेले ‘वन ओ’क्लॉक जंप’ ऐकावे. तेही बारा मापांचे ब्लूज आहे, पण ते कागदावर न मांडता वाजवता वाजवता तोंडी जुळवलेले. पियानोपासून सुरुवात होते, एकामागून एक एकल वादक येतात आणि अखेरीस रांगा आपापल्या छोट्या सुरावटी एकमेकींवर रचतात. तोच सात रकान्यांचा कागद थोडा वाढवून इथे वापरावा. कोणता रकाना रिकामा राहतो आणि कोणता भरतो यावरून दोन बँडांच्या स्वभावातला फरक लगेच दिसतो.

मराठी श्रोत्याला या सरावाचा आणखी एक उपयोग आहे. स्विंगच्या तबकड्या ज्या लाखेच्या होत्या ती लाख मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून, कलकत्त्याच्या बंदरातून अमेरिकेत जाई. उलट दिशेने ते संगीत मुंबईच्या हॉटेलांत आणि तिथून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले, आणि स्वरलेखन वाचणारे गोव्याचे वादक त्या वाद्यवृंदांचा कणा होते. १९४० च्या दशकाअखेरच्या आणि १९५० च्या सुरुवातीच्या सी. रामचंद्र यांच्या नाचऱ्या गाण्यांतले दोन कडव्यांमधले तुकडे घ्यावेत, गायन सोडून द्यावे आणि ट्रम्पेटची रांग कुठे विचारते व सॅक्सोफोन कुठे उत्तर देतात ते वरच्याच पद्धतीने लिहून काढावे.

पुढचे सेशन निवडायचे झाले तर एलिंग्टन यांचेच ४ मे १९४० चे हॉलिवूडमधले घ्यावे आणि त्यातली ‘कॉटन टेल’ ही बाजू निवडावी. तिचा सांगाडा बाराऐवजी बत्तीस मापांचा आहे. आठ-आठ मापांच्या चार ओळी असतात, त्यांतली तिसरी वेगळी आणि बाकीच्या तीन एकसारख्या. ती तिसरी ओळ प्रत्येक वेळी नेमकी कुठे लागते हे ओळखू येईपर्यंत बेन वेबस्टर यांच्या प्रसिद्ध एकल वादनाकडे वळू नये.